वीस बाय दहाचं कापड

आमी मूळचे बार्शीटाकळीचे. बाप दुसऱ्याच्या वावरात राबला, आमी दोघं भाऊ अकोल्याले आलो, मी कापसाच्या जिनिंगमंधी हजेरी लिहाले लागलो अन् दादा सिनेमाचे बॅनर रंगवाले. मी मोजल्याशिवाय बोलत नाही, म्हणून सांगतो, वीस फूट लांब अन् दहा फूट उंच, एवढं कापड दादा एकटा चार दिवसांत रंगवे. शुक्रवारी ते टॉकीजवर चढे. खेळ उतरला का तेच कापड सोड्याच्या पाण्यात धुवाचं, वाळवाचं, सरस अन् खडू फासून पांढरं कराचं, अन् त्याच्यावरच नवा खेळ. एका कापडावर सहा-सात खेळ निघत. म्हणजे पहा, इतक्या वर्षांचं दादाचं काम, अन् शिल्लक काय, तर काहीच नाही.

तोच राग मले पहिल्यापासून. म्हणून मी जमा कराले लागलो. कापड टॉकीजवाले देत नव्हते, मंग मी कागदाचे पोस्टर धरले. चिकटवणाऱ्या गड्याले सांगून ठेवलं, बापा, प्रत्येक खेळाचा एक न चिकटवलेला मले ठेव. एकशे सत्त्याऐंशी झाले. बायको म्हणे, जिनिंगातल्या माणसायची हजेरी कमी पडली का, आता कागदायची घेऊन राहिले.

दादा तापानं गेला तवा त्याचा शेवटचा बॅनर टॉकीजवर टांगलेला होता. मी मॅनेजरकडे गेलो, म्हटलं, याच मापाचा कोरा मांजरपाट देतो, हे कापड मले द्या. त्यानं दिलं. दादाचं तेवढं एकच वाचलं.

आता वहिनीचं ऐका. ती गावीच राहे, म्हाताऱ्यायले सोडून येता येत नव्हतं. दादा दर खेपेले म्हणे, पुढचा बॅनर चढला का तुले दाखवाले नेतो. अन् तो गेला. माही खोली दहा बाय बारा, त्यात वीस फूट उलगडाचं कसं? जमिनीवर पसरून ते दिसतही नाही, उंच टांगावं लागते. वहिनी आली का घडीवर हात फिरवे अन् जाये.

सात वर्षांनी तोच मॅनेजर अमरावतीच्या नव्या टॉकीजवर लागला. घरी आला, च्या पेला, म्हणे, भाऊ, उद्घाटनाले जुने पोस्टर-बॅनर लावाचे आहेत, तुमच्याशिवाय कोणाजवळ नाहीत. मी काहून देलं? वहिनीसाठी. टांगल्यावर ती पाहीन म्हणून. यादी केली, नाव, टॉकीज, लांबी, रुंदी, कोणी दिला, पाच रकाने, दोन प्रती, खाली त्याची सही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वहिनीले घेऊन अमरावतीले गेलो. काय सांगू तुमाले! सारेच्या सारे पोस्टर खळ लावून बाहेरच्या भिंतीले चिकटवलेले, अन् अर्ध्यायवर नव्या खेळाचे पोस्टर. मी ओरडलो. चिकटवणारा म्हणे, साहेब, पोस्टर म्हटलं का खळ लावाचीच, अजून काय कराचं असते त्याचं? त्याचं चुकलं नाही. पाच रकाने आखणाऱ्याचं चुकलं, चिकटवू नका एवढे दोन शब्द मी कुठंच लिहिले नाही.

मागच्या आवारात गेलो. तिथं पेंटर बसला होता, दादाचं कापड अर्धं पांढरं झालं होतं. म्हणे, जुनं कापड आलं म्हणजे धुवाचंच, काल धुतलं. माह्या दादानंही हेच केलं असतं, त्याचाच मले जास्त संताप आला. मॅनेजर धावत आला, म्हणे, गडबडीत पेंटरले सांगाचं राहून गेलं, भाऊ, रागावू नका, नवं कापड देतो, दुप्पट देतो. दुप्पट! मी त्याची कॉलर धरली. जन्मात पहिल्यांदा कोणावर हात टाकला.

वहिनीनं मले मागं ओढलं. ती कापडाजवळ गेली, जिथं खडू फासायचा राहिला होता तिथं वाकून पाहिलं. निळसर ओघळ होते, बाकी काही नाही. मले म्हणे, भाऊजी, यात कोण होतं? मी माप सांगितलं, वीस बाय दहा; चेहरे मी कधी लिहून ठेवलेच नव्हते. मंग पेंटरले म्हणे, चालू द्या तुमचं, नाही तं अर्धं तसंच वाळून जाईन.

त्याले आता चार वर्षं झाली. मॅनेजर दोनदा माफी मागाले आला, मी दारातूनच वापस लावला. त्याची टॉकीज चालो, त्याचे लेकरं सुखी राहो, पण माह्या घरात त्यानं पाय ठेवू नये. वहिनी म्हणते, भाऊजी, मी सोडलं, तुमी बी सोडा. तिचं मन मोठं आहे. माहं तेवढं नाही, अन् मले ते मोठं कराचंही नाही.