मध्ये बोलणारा पायलट

येलहंक्याला आमच्या शेजारच्या अक्का कुणाच्याही बोलण्यात तोंड घालतात, आणि मला त्याचा भारी राग. आता ऐका. परवा विमानतळावर ड्युटीला रडारसमोर बसून मी एका विमानाला खाली यायला सांगितलं. 'येतोय,' असं उत्तर आलं. तेवढ्यात कुणी तिसराच पायलट रेडिओवर म्हणाला, 'मॅडम, दोन विमानांनी एकदम उत्तर दिलं.' मला एकच ऐकू आलं होतं. दुसरा कोण म्हणून विचारलं, तर तोही माझी सूचना स्वतःलाच आहे असं समजून खाली निघालेला, आणि त्याच्या बरोबर खाली आणखी एक विमान. त्या दुसऱ्याला आहे त्याच उंचीवर थोपवलं. मग त्या तिसऱ्याला म्हटलं, 'थँक यू, अण्णा.' रेडिओवर असं बोलायचं नसतं.

घरी येऊन नवऱ्याशी वाद घालत होते, तर अक्का आल्याच मध्ये. मी खुर्ची पुढे केली. म्हटलं, 'बोला अक्का.'