अलिबागच्या भरतीची वेळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय दादाजी भोयर, मुख्याध्यापिका सिंधूताई डेकाटे, सत्कारमूर्ती विश्वनाथ टेंभुर्णे सर, व्यासपीठावरील मान्यवर, नंदनवन वस्तीतून आणि बाहेरगावाहून आलेले पालक आणि आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

ड्रिल मास्तर भाषणाला उभा राहिला की लोक कानांवर हात ठेवायच्या तयारीत असतात. मी चंपतराव, आवाज आवरून बोलतो. सरांचे गुण आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगले सांगितले. मला एकच गोष्ट सांगायची आहे. उद्यापासून सर शाळेत नसतील. आज सांगितली नाही, तर ती माझ्याबरोबरच जाईल.

सर भूगोल शिकवायचे. नकाशात समुद्राला निळा रंग देऊन देऊन पोरांचे खडू झिजले, खरा समुद्र कधी बघणार, असं ते म्हणायचे. मुंबई तर सगळेच पाहतात. आंग्र्यांचं आरमार जिथं होतं ते अलिबाग दाखवू, असं त्यांनीच ठरवलं. एकाहत्तरचा जानेवारी. नववीची अडतीस मुलं, सर आणि मी. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, तिथून एस.टी.नं अलिबाग. लाँचमध्ये सगळ्यात जास्त ओकाऱ्या कुणाला झाल्या, ते ड्रिल मास्तरानं न सांगितलेलंच बरं.

सरांची एक रीत होती. प्रत्येक मुलाच्या हाती एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक प्रश्न, आणि उत्तर तिथल्याच माणसाला विचारून आणायचं. चारी बाजूंनी खारं पाणी, मग कुलाबा किल्ल्यातली विहीर गोडी कशी? चुंबकीय वेधशाळेत लोखंडाची वस्तू का नेऊ देत नाहीत? एका पोरानं तर कान्होजी आंग्र्यांच्या समाधीपाशी फुलं विकणाऱ्या बाईला इतकं पिडलं की तिनं त्याला शेवंतीचं फूल देऊन वाटेला लावलं.

चिठ्ठी मलाही होती: भरतीची वेळ कोणती? किल्ला समुद्रात, ओहोटीला चालत जायचं आणि भरतीआधी परतायचं. मंगळवारी वेधशाळा आणि बुधवारी किल्ला, असं ठरलं होतं. सोमवारी संध्याकाळी मी कोळीवाड्यात विचारून आलो. बुधवारी दहाच्या आत किल्ल्यातून परत निघा, असं एका म्हाताऱ्या कोळ्यानं सांगितलं. पण रात्री वेधशाळेचा निरोप आला की मंगळवारी नको, बुधवारी या. म्हणून किल्ला मंगळवारवर आला. सकाळी सरांनी मला विचारलं, ही वेळ आजचीच ना? मी म्हटलं, हो.

का म्हटलं? पुन्हा कोळीवाड्यापर्यंत पायपीट करायचा कंटाळा आला, हे एक. आणि दुसरं, मी नागपूरचा माणूस. पाणी म्हटलं की मला नळ आठवतो. आपल्याकडे नळ रोज ठरल्या वेळी येतो, तसा समुद्रही येत असेल, असं मी गृहीत धरलं. भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे बुधवारची दहाची वेळ मंगळवारी नऊ वाजून दहालाच येते, हे सरांच्या वर्गातलं पोरगंही सांगू शकलं असतं. मी कधी त्यांच्या वर्गात बसलो नव्हतो.

पावणेदहाला आम्ही किल्ल्यातून निघालो. पाणी घोट्याला होतं, मग गुडघ्याला, आणि मध्यावर कमरेला लागलं. काटोलच्या महादेवरावांची जयवंता शेवाळावर घसरली आणि दिसेनाशी झाली. सरांना पोहता येत नव्हतं, तरी ते तिच्या मागे गेले. जवळून जाणाऱ्या होडीतल्या कोळ्यांनी दोघांना ओढून काढलं. जयवंता तीन दिवस इस्पितळात होती. मी बाहेरच्या बाकावर बसून देवाला काय काय कबूल केलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

तिथंच मी सरांना खरं सांगितलं. ते माझ्याशेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "विचारायचं काम तुमचं होतं गा, तपासायचं माझं. दहा वर्षं झाली, पोराईले हेच शिकवून राहिलो, अन् ऐन वेळी मलेच आठवलं नाही. तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. तुम्ही बोलू नका."

मी बोललो नाही. चौकशीत सरांनी चूक आपली म्हणून लिहून दिली. त्यांच्या सेवापुस्तिकेत निष्काळजीपणाचा शेरा पडला आणि मुख्याध्यापकपद त्यांच्या दारावरून गेलं. सिंधूताई, आपल्या खुर्चीबद्दल माझी तक्रार नाही, आपण ती शोभवली आहे. पण सहली बंद झाल्या. तेव्हापासून बारा वर्षं आपली मुलं समुद्राला नुसता रंग देत आहेत. पुढच्याच वर्षी मी कायम झालो. त्या दिवशी मी पेढे वाटले आणि सरांनी एक घेतला. त्याची लाज मला आजही वाटते.

अध्यक्षमहाराज, हे सगळं सहीनिशी लिहून मी आपल्यासमोर ठेवतो आहे. सरांच्या नावावरचा शेरा खोडून तो माझ्या नावावर घालावा आणि सहली पुन्हा सुरू कराव्यात, एवढी विनंती आहे. सर मला मघापासून बसा, बसा अशी खूण करून राहिले आहेत. सर, बारा वर्षं तुमचं ऐकलं, आज ऐकणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला. अलिबागची चूक तेवढी घालू नका. ती एका माणसानं बारा वर्षं पोटात घातली आहे, तेवढं पुरे.