मार की सोड

दवाखान्याच्या बाकावर एका शिक्षिकेशेजारी बेसबॉलची एक खेळाडू आणि तिच्या प्रशिक्षक ताई मोबाइलवर चेंडूफेकीचे व्हिडिओ लावून सराव करत होत्या. चेंडू अर्ध्या वाटेत आला की पडदा काळा व्हायचा; मग तो मारायचा की सोडायचा, ते पोरीनं सांगायचं.

"मार की सोड?" नवा व्हिडिओ लावत ताईंनी विचारलं.

"मार!"

"अगं, चेंडू अजून फेकणारीच्या हातातच आहे!"

"सोडला की सगळ्यांना वाटतं, घाबरली."

"वाटू दे."

"उद्या निवड आहे, ताई. चुकले तर?"

"बघून चुकलीस तर शिकवीन. न बघताच चुकलीस तर काय शिकवू, कपाळ?"

शिक्षिकेचा फोन थरथरला. जाऊबाईंचा कॉल! त्यांच्या टोमण्यांना सकाळपासून जिभेवर घोळवलेलं झणझणीत उत्तर तयारच होतं. तिनं कॉल घ्यायला बोट पुढे केलं.

"हं, आता?"

या वेळी पोरगी पटकन बोलली नाही. शिक्षिकेचं बोटही थांबलं.

"सोड."