खोक्यातलं पिकलेलं केळं

केळीच्या मुलखात केळ्यावरून धडा शिकवायला जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या बुऱ्हाणपूरच्या चर्चमध्ये मी संडे स्कूल घेते. वर्गातली रूबी फार शिव्या द्यायची. एकदा दोन आया आल्या आणि सगळ्या पोरांसमोरच म्हणाल्या, "टीचर, हिला काढा. नाहीतर आमची पोरं बिघडतील."

काढायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, आधी पोरांना वाईट संगत म्हणजे काय ते दाखवू. कच्च्या केळ्यांच्या खोक्यात एक काळे डाग पडलेलं, पार पिकलेलं केळं ठेवलं आणि सांगितलं, "हे एक केळं बाकीच्यांचं काय करतं, ते पुढच्या रविवारी बघा."

पुढच्या रविवारी खोकं उघडलं, तर सगळी केळी पिवळीधमक! पोरं तुटूनच पडली.

वर्गातली सारा जवळच्या फोपनार गावची, तिच्या घरचीच केळीची बाग. ती मलाच समजवायला लागली, "टीचर, आमच्या घरी पण असंच करतात. पिकेल एक टाकलं का बाकीचे पिकून जातात."

"अगं, पण मी संगतीचं सांगत होते."

"हो ना. मग रूबीला काढू नका, आमच्या मधात बसवा. आम्ही सगळे पिकेल, ती एकटीच कच्ची."

सगळ्यांनी रूबीकडे पाहिलं. तिचं तोंड केळ्याने भरलेलं. शिवी अगदी ओठांपर्यंत आलेली मला दिसली. ती तिने केळ्यासोबत गिळली आणि साराला म्हणाली, "मग सरक ना थोडी."