ट्रेव्हरचा धर्मपिता

...आणि वर मलाच म्हणते, "कॉन गेराटी, टाय लाव!" टाय! अहो, टीव्ही बघायला टाय? तो टीव्हीतला माणूस मला बघणार आहे का? पण नाही! गावच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावलेला, पोराच्या मालिकेचा पहिला भाग, अख्खं बॅलीगार्व येणार, फादर येणार, म्हणून आमच्या बायकोने, फिलोमिनाने, मला मयताला जायचा कोट चढवला. तुम्हाला सांगतो, मलाही ते मयतच वाटत होतं, फक्त कोणाचं ते बातम्या संपून मालिका लागल्यावर कळणार होतं! आणि कोणापायी हे सगळं? तर जो मुळात नाहीच, त्याच्यापायी! असलेली माणसं परवडली हो... नसलेल्या माणसाचा ताप फार!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा बरळतोय. आमचा फर्गल म्हणजे शेंडेफळ. वर चार बहिणी. त्या चौघी एका खोलीत कुजबुजणार आणि हा गेला की तोंडावर दार आपटणार. मी दिवसभर दलदलीत, जळणाची माती कापायला. फिलोमिना चर्चमध्ये, फुलं रचायला. मग पोर काय करेल? केला एक मित्र, मनातल्या मनात. बरं, पोरं करतात असं. शेजारच्या पोरीचा ससा होता, बोलणारा. माझ्या भाच्याचा समुद्री चाचा होता, एका डोळ्याचा. आणि आमच्या दिवट्याचा कोण? तर ट्रेव्हर! पन्नाशीचा, हातात छत्री, छातीत दमा आणि... प्रॉटेस्टंट! अहो, आमचं अख्खं गाव कॅथलिक, प्रॉटेस्टंट उरली होती एक म्हातारी, तीही ठार बहिरी. हे ध्यान याला सापडलं कुठे? विचारलं, तर म्हणतो कसा, "बाबा, त्यांचं चर्च लवकर सुटतं ना, म्हणून तो खेळायला मोकळा असतो!"

घ्या! मग काय, ट्रेव्हरला ताट, ट्रेव्हरला चहा, गाडीत ट्रेव्हरला पुढची जागा. का? तर त्याला दमा, त्याला खिडकी लागते! आणि माझी बायको मागे, पोरींच्या मांडीवर कोंबलेली. असलेली माणसं परवडली हो!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण आली आमच्या घरी स्टेशनची पाळी. म्हणजे पाद्री घरी येणार, स्वयंपाकघरात मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, होणार, सगळी आळी आमच्या फरशीवर गुडघे टेकणार आणि मग नाश्ता. त्यासाठी फिलोमिनाने भिंती रंगवल्या, दारं रंगवली, गोठा रंगवला. कोंबड्या पळाल्या म्हणून वाचल्या! मिस्सा झाली झकास. कॅनन ब्रॉडरिक, हे आमचे तेव्हाचे मोठे पाद्री, देहाने पण मोठेच, पुढच्या खोलीत चांगल्या कपबशीपुढे बसले, उकडलेल्या अंड्यावर चमचा मारणार... तेवढ्यात आमचं कार्टं किंचाळलं, "उठा, कॅनन, उठा! तुम्ही ट्रेव्हरवर बसलात!"

कॅनन म्हणाले, "कोण ट्रेव्हर?"

"माझा मित्र. दिसत नाही. प्रॉटेस्टंट आहे."

चमचा हवेत. माझ्या बहिणीने, ब्रायडीने, छातीवर क्रूस काढला. फिलोमिनाचा चेहरा त्या रंगवलेल्या भिंतीसारखा पांढराफटक. पण कॅनन हसले हो! पोट हलवून हसले. म्हणाले, "अरेरे! मग बाळ, तो काही आपल्याबरोबर स्वर्गात यायचा नाही हं!" गंमतीत म्हणाले, अंडं संपवलं, टोपी घातली आणि गेले.

ते गेले, पण पोराने जेवण टाकलं. भिंतीकडे तोंड करून पडलेलं. काही विचारा, एकच पालुपद. "मग मला पण नको स्वर्ग. ट्रेव्हर एकटा कसा राहील? त्याला दमा आहे." आता सांगा, कोणती आई हे ऐकून घेईल? दुसऱ्या दिवशीही बटाट्याला हात नाही की दुधाला. फिलोमिनाचा जीव खालीवर. आणि मग तिने काय करावं? मी शेणाच्या बुटांनिशी अंगणात उभा, तर आतून हाक, "कॉन! आत ये आणि दाराला कडी घाल! बाप्तिस्मा द्यायचाय, धर्मपिता लागतो!"

"कोणाला?"

"ट्रेव्हरला!"

म्हटलं, "अगं, त्याला विचारलंस का?"

तर फर्गल म्हणतो, "विचारलं, बाबा. तो विचार करून हो म्हणालाय."

बोला आता! हिच्या हातात नॉकच्या यात्रेहून आणलेलं पवित्र पाणी, ती येशूच्या माउलीच्या आकाराची बाटली, निळा मुकुट फिरवला की उघडते ती. समोर रिकामी खुर्ची. ही विचारते, "डोकं कुठे आहे?" पोरगं म्हणतं, "आणखी वर, आई. तो उंच आहे." ओतलं पाणी! गेलं गादीत. आणि मी, शेणाच्या बुटांनी, टोपी काढून, खुर्चीच्या वतीने सांगतोय की हो, मी सैतानाचा त्याग करतो! पण पोर त्या दुपारी बटाट्यांचा डोंगर जेवलं, आणि फिलोमिना चुलीपाशी तोंड फिरवून रडली. मग मला म्हणाली, "हे या घराबाहेर गेलं, तर तू पण जाशील."

गेलं नाही बरं का! पोर मोठं झालं, लंडनला गेलं, लिहायला लागलं. आणि एक दिवस त्याचा फोन, "आई, मालिका केलीय. आपल्या घरावर! ट्रेव्हरवर!" हिच्या हातून फोनच पडला. आता ही आमच्या चर्चची फुलांची मुख्य, हिच्या धाकाने गावातली माणसं ओळीत गुडघे टेकतात. म्हणे, "खुर्चीला बाप्तिस्मा दिला हे फादरना कळलं तर फुलदाणीला हात लावू देतील का मला?" म्हटलं, पोरालाच विचार ना, घातलंय का ते. "वा! आणि विसरला असेल तर आठवण करून देऊ?" महिनाभर झोपली नाही. मला झोपू दिलं नाही. नसलेल्या माणसाचा ताप फार, सांगतो काय!

तर आलो हॉलमध्ये. पडद्यावर फिलोमिना कोण? एक शेलाटी बाई, तांबड्या केसांची! आणि मी कोण? एक टकल्या, जो सारखा दलदलीत पडतो! अहो, मी दोनदाच पडलो होतो! असो. आला कॅननचा प्रसंग. हॉल हसून लोळतोय आणि हिची नखं माझ्या मनगटात. पोर भिंतीकडे तोंड करून निजलं... मी डोळे मिटले... आणि संपलं! बाप्तिस्मा नाही, बाटली नाही, शेणाचे बूट नाहीत! सुटलो! छातीवरचा धोंडा उतरला हो. ही तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून पुटपुटली, "वाचले रे देवा."

तेवढ्यात मागून ब्रायडी, माझी सख्खी बहीण, जिला गप्प बसणं माहीत नाही, हळहळली, "बिचारा ट्रेव्हर! शेवटपर्यंत प्रॉटेस्टंटच राहिला गं."

झालं! फिलोमिना उभी. भर हॉलमध्ये. "काय म्हणालीस? माझ्या घरात जेवलेला माणूस तसाच राहील? कॅथलिक आहे तो! मी स्वतः दिलाय बाप्तिस्मा! आणि हा बसलाय त्याचा धर्मपिता!" आणि बोट माझ्याकडे!

सगळ्या माना फादर ओबिन्नांकडे. हे आमचे आताचे पाद्री, नायजेरियाचे, फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "फिलोमिना, पाणी कुठलं होतं?"

"नॉकचं, फादर."

फादरांनी तोंडावर रुमाल धरला, खांदे गदगदा हलतायत. "मग पक्कं आहे," म्हणाले, "आणि रविवारची फुलं पांढरी आणा, बाप्तिस्म्याला शोभतील अशी." तुम्हाला सांगतो, हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं! आणि गर्दीतून फर्गल आला पुढे, लंडनहून खास आलेला, चाळिशीचा बाप्या, डोळे भरलेले. "आई, मी मुद्दाम नाही घातलं ते. ते हसायला नव्हतंच. त्या दिवशी मला वाटलं, आता मी कधीच एकटा पडणार नाही." हिने त्याला जवळ घेतलं आणि पाठीत एक धपाटा घातला. "मग आधी सांगायला काय झालं होतं, मेल्या!"

तर असं सगळं गोड झालं. मीही म्हटलं, चला, सुटलो एकदाचे... कसले सुटताय! आता दर रविवारी फादर दारातच विचारतात, "काय कॉन, धर्मपुत्र कुठाय?" आणि ही मनावर घेते! आमच्या बाकावर खिडकीजवळची जागा अडवून ठेवते, त्याला दमा ना! मग बाकावर ही, तिच्या पलीकडे ब्रायडी, खिडकीशी ट्रेव्हर ऐसपैस... आणि मी? जो आहे तो? मी मागे, दाराशी उभा. टाय लावून.