नवं लग्न झालेल्या नकोत

नाही, बसत नाही. उभाच बरा आहे. खुर्ची देऊन, चहा पाजून माणसाला परत कसं पाठवतात ते मला ठाऊक आहे, धाकटे मालक — तुमच्या वडिलांकडे उभी हयात बॅगा शिवल्यात मी, याच कारखान्यात. तर काय म्हणालात? पुन्हा म्हणा. नवं लग्न झालेल्या बायका घेत नाही. का? तर मागच्या दोघी वर्षाच्या आत सोडून गेल्या. बरं. गेल्या. म्हणून माझी सूनही जाणार, हे तिचं तोंडही न बघता कळलं तुम्हाला! ती खाली फाटकाशी उभी आहे सकाळपासून. चौकीदारानं विचारलं, लग्न कधी झालं — गेल्या वर्षी म्हणाली — झालं, तिथंच अडवली. शिवता येतं का, हे विचारलं कुणी? कुणी नाही.

चला, तुमचाच हिशोब धरू. कटिंगचे तिघे शेजारच्या कारखान्यात पळाले ना? पळाले. तिघांनाही मिशा होत्या. मग मिशीवाले बंद केलेत का? हसू नका, मी हसवायला आलेलो नाही. काय? कोण टिकेल ते आधी कसं कळणार? नाही कळत. कुणालाच नाही कळत. बसवून कळतं. मशीनवर बसवा, पट्टा जोडायला द्या, दोन्ही हातांनी ओढून बघा, शिलाई उसवली तर घालवून द्या — मी ब्र काढणार नाही. मला तसंच घेतलं होतं. आणि तुमचे वडील काही देवमाणूस नव्हते हो. आमच्या वस्तीतले सगळे चोर, असं त्यांच्याही कानावर होतंच. संध्याकाळी बाकीचे सरळ घरी जायचे आणि माझा एकट्याचा डबा उघडून बघायचे. रोज. सगळ्यांसमोर. मुठी आवळून उभा राहायचो मी. पण बघायचे तरी! बघून बघून एक दिवस बघायचे थांबले, आणि गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली. तू — तुम्ही तर डबाही उघडत नाही. लांबूनच ठरवता, आत काय असेल ते.

काम सोडणाऱ्यातली नाही ती. सोडून जाईल कुठं? घरात कमावणारं उरलंय कोण? माझ्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही. मुलाचं काम सुटलं, तेव्हापासून तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो — ते जाऊ द्या, ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगायचं एवढंच, की पोरगी चिवट आहे. दुखलंखुपलं तरी बोलायची नाही. परवा सकाळी ओकाऱ्या काढल्या, तोंड धुतलं आणि तशीच पाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. अहो, कळा सुरू होईपर्यंत मशीनवरून उठायची नाही ती! आणि पुढं मी आहे ना घरात, पोराला मी सांभाळीन, महिन्याभरात ती परत —

काय बघताय असं?

हो. आहे. चौथा महिना. झालं समाधान? बरोबर आला ना तुमचा हिशोब? नाही आला! तुम्हाला कुठं ठाऊक होतं? तुम्ही न बघताच नाही म्हणाला होतात. कारण आत्ता मिळालं, आणि तेही मी दिलं — मी, तिच्या सासऱ्यानं. बाबा, तुम्ही आत जाऊ नका, माझं मी बघते, म्हणाली होती. हात जोडून म्हणाली होती. पण मला वाटलं, माझ्या शब्दाला इथं अजून वजन आहे. जिना चढलो तो असा ताठ चढलो...

तो फोन ठेवा खाली. चौकीदाराकडून नको. मी सांगतो तिला. माझ्या तोंडानं काम गेलं, तर माझ्याच तोंडानं ऐकू दे.

चहा? तुम्हीच प्या. सरका, दार मोकळं करा.