नऊ किलो गजबल

देवकाबाई : उतरा आता काट्यावरून. किती डाव पाहासाल? एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर.

नानाजी : मागच्या आयतवारी अडुसष्ट होतो. महिन्यापयले बासष्ट. नऊ किलो चढलो, नलूची माय. त्या डॉक्टरले जमलं असतं का हे?

देवकाबाई : डॉक्टरनं रोज वजन पाहाले सांगतलं ते काहाले? तुमचं हृदय थकलं, पाणी आंगातच साचून राह्यते म्हणून. दोन किलो चढलं का त्याच दिवशी या, म्हणे. दोन. तुमी नऊवर नाचून राह्यले.

नानाजी : पाणी. अवं, तीस वर्षं जिनात कापसाच्या काट्यावर बसलो मी. पाणी कोणचं अन् माल कोणचा, हे मले तू शिकवतं? हे माह्या भाच्याचं, ओमप्रकाशचं गजबल चूर्ण आहे. तुया अळणी भाजीवर राह्यलो असतो तं बासष्टचा पन्नास होऊन कावळ्याईनं उचलून नेला असता.

देवकाबाई : अळणी का मी हौसेनं रांधतो? तुमचं मीठ बंद झालं तवापासून मी बी तेच गिळून राह्यली. एका घरात दोन भाज्या केल्या तं तुमी माया ताटात हात घालसाल, म्हणून.

नानाजी : तेच तं म्हणतो. तीन महिने तोंड मेलं होतं माह्यं. भाच्यानं गजबलचा पहिला चमचा जिभेवर ठेवला अन् तोंड उठून बसलं.

देवकाबाई : बसन नाई तं काय. काल मी चाखून पाह्यला तुमच्या भाच्याचा डबा. फुटाण्याचं पीठ, साखर, अन् मीठ. डॉक्टरनं चिमूट तोडली, यानं मूठ घातली.

नानाजी : सैंधव आहे ते. औषधी.

देवकाबाई : सैंधव का झाडाले लागते? मीठच ते.

नानाजी : तो हे विकते त्या बजारात तू येत नाई, म्हणून तुले गुण ठाऊक नाई. मागच्या हप्त्यात ओमप्रकाशनं एका खोंडाले दोन चमचे चारले. खोंडानं एकट्यानं बंडी ओढली, केळझरपासून सेलूपावतर. अन् जोडीचा बैल मागं बंडीत बसून रवंथ करत आला. शेकडो लोकाईनं पाह्यलं.

देवकाबाई : तुमी पाह्यलं?

नानाजी : मी काट्यावर उभा होतो. मले मान वळवाची मनाई आहे. काटा हालते.

देवकाबाई : अन् ह्या लघवीच्या गोळ्या? आठ दिवसाच्या आठही पुडीत तशाच आहेत.

नानाजी : एक गोळी घेतली का दोन किलो उतरते माणूस. बजाराच्या तोंडावर कोन उतरवन वजन? ओमप्रकाशनं पाटी रंगवली आहे. वर बासष्ट, खाली जागा कोरी. आज तिथं एकाहत्तर लिवतो तो, लोकाईच्या समोर, खडूनं. तू मले गोळी चारून त्याचा माल खोटा पाडतं?

श्रावण : नानाजी आहेत का घरी?

नानाजी : कोन? श्रावण्या? तिथंच थांब, पायरीखाली. काय काम आहे ते तिथून बोल.

देवकाबाई : वर या, श्रावणभाऊ. मीच बलावलं त्याईले.

नानाजी : काऊन?

देवकाबाई : मागच्या बजारात काय झालं ते तुमी घरी सांगतलं नाई. साऱ्या पिपरी गावात झालं सांगून. म्हटलं, ज्यानं केलं त्याच्याच तोंडून ऐकू.

श्रावण : काई तसं मोठं नाई झालं, बाई. केळझरले मी बी गेलतो. गर्दी दिसली म्हणून डोकावलो. पाहातो तं नानाजी काट्यावर, गळ्यात पाटी, अन् भाचा ओरडून राह्यला, हा पाहा मेलेला माणूस, गजबलनं उठवला. म्हटलं, जुनी ओळख आहे. वाकून पाया पडलो. पडता पडता नडगीवर आंगठा दाबला. पेराएवढा खड्डा पडला. तसाच राह्यला, भरून नाई आला.

नानाजी : अन् मंग बोंबलला.

श्रावण : बोंबललो नाई. हळूच म्हटलं, माल ओला आहे. बाजूच्या चार जणाईले ऐकू गेलं, त्याले मी काय करू? ते हासले, मंग त्याईच्या बाजूचे हासले.

देवकाबाई : दुखणेकऱ्याले असं म्हणतात का, भाऊ?

श्रावण : माया शब्द नाई तो, बाई. नानाजीचा आहे. माह्यी बंडी काट्यापाशी लागली का हे कापसात हात न घालताच म्हणत, माल ओला आहे, शेकडा आठ कापा. पयल्या वर्षी म्हटलं, असंन दव पडलं. दुसऱ्या वर्षी दोन दिवस उन्हात पसरला. तरी ओला. तिसऱ्या वर्षी माह्या बायकोनं, कमलानं चुलीपाशी वाळवला, अन् रस्त्यानं दव लागू नाई म्हणून सारा रस्ता कापसावर सतरंजी दाबून बसली. धुरानं डोळे सुजले होते तिचे. नानाजीनं तिच्याकडं पाह्यलं अन् म्हटलं, बाई ओली असंन. तिथं बी लोक हासलेच.

नानाजी : तुमच्या वस्तीचा माल ओलाच धराचा, असं वरून होतं. मी नवकर माणूस.

श्रावण : वरून नोतं, नानाजी. मी वर जाऊन पुसलं होतं.

देवकाबाई : तीस वर्षं मी याईच्या नवकरीचा डबा भरला. हे मले ठाऊक नोतं.

नानाजी : तुले काय करायचं होतं ठाऊक करून?

देवकाबाई : श्रावणभाऊ, कमलाबाईची माफी मी मागीन, तिच्या दारात येऊन. आज मले बंडी पायजे. याईचा दम पाहा, एका बोलण्यात तीनदा थांबतात. दवाखाना कोसभर आहे. घेऊन चाला.

श्रावण : निरोप भेटला तशीच जुंपली. बाहेर उभी आहे. खाली तणीस टाकलं, वर गादी टाकली. फक्त एक आहे.

देवकाबाई : काय?

श्रावण : याईनं एक डाव म्हणावं. पाय दाबून पाहावा अन् सांगावं, माल कसा आहे ते. मले दुसरं काई नाई पायजे.

(नानाजी वाकून आपल्या नडगीवर आंगठा दाबतात. खड्डा पडतो, तसाच राहतो.)

नानाजी : कोरडा.

श्रावण : पुन्हा दाबा.

नानाजी : कोरडा आहे म्हटलं. मी पारखलेला माल कोनी दुसऱ्यांदा पाह्यला नाई. तू पाहाशील?

देवकाबाई : मी म्हणतो, भाऊ. ओला आहे. पायजे तं चौकात उभी राहून म्हणतो.

श्रावण : तुमच्या म्हणण्यानं काटा चालत नोता, बाई.

देवकाबाई : तुमी बी काई कमी नाई, श्रावणभाऊ.

श्रावण : नाई. खरं सांगतो, मी हेच ऐकाले आलतो. बंडीचं निमित्त. पण हा पाय पाहून राह्यलो, अन् इच्छा मेली. जाऊ द्या नानाजी, नका म्हणू. उठा. खांद्यावर हात टाका माह्या.

नानाजी : अन् साऱ्या पिपरीतून तुह्या बंडीत जाऊ? लोक दारात येऊन म्हणतीन, श्रावणचा कापूस पाहा कसा चालला.

देवकाबाई : म्हणू द्या. म्हणणाऱ्याईच्या घरी नाई मराचं तुमाले.

नानाजी : हॉर्न ऐकला? जीप आली. ओमप्रकाश टायमाचा पक्का आहे.

देवकाबाई : काय भेटते तुमाले तिथं? खरं सांगा.

नानाजी : नवकरी सुटून आठ वर्षं झाले. आठ वर्षांत कोनी मले विचारलं नाई, नानाजी, किती भरलं? आता मी काट्यावर चढतो अन् दोनशे माणूस मान उंच करून उभं राह्यते, आकडा काय निघते म्हणून. ते तुह्या दवाखान्यात भेटन का? तिथं नळी लावून निजवतीन, अन् वजन उतरलं म्हणून खुश होतीन.

देवकाबाई : जोडा तं घाला.

नानाजी : पायात जात नाई तो. अन् नकोच. जोड्याचं वजन धरलं म्हणून कोनी बोट दाखवाले नको. पाटी दे.

देवकाबाई : जीपमध्ये मागं आडवे व्हा निदान.

नानाजी : आडवं होता आलं असतं तं काय पायजे होतं. पंधरा दिवस झाले, भिंतीले टेकल्याबिगर दम पुरत नाई. तुले वाटे, मी पहाटेचा जप करतो. सोड हात. श्रावण्या, बाजूले हो.

श्रावण : झालो.

देवकाबाई : गेले. पाटी पाहा कशी धरली, समोरच्या काचेतून दिसन अशी. एकदा मागं वळून नाई पाह्यलं. तुमी बी जा आता, भाऊ. बैलं सोडा.

श्रावण : बैलं सोडत नाई, बाई. मागं मागं निघतो, दुपारपावतर केळझरले पोचीन. ती जीप निस्ती न्यालेच आलती, वापस आणाले नाई.